एकतर्फी प्रेमाचं चित्र कसं वाचावं?

चित्रासमोर उभं राहिलं की ‘काहीतरी उदास आहे’ एवढं आपल्याला लगेच जाणवतं. त्यापुढे काय पाहायचं, सुरुवात कुठून करायची, हे मात्र सहसा कोणी शिकवलेलं नसतं. मग आपण एक तर शेजारची पाटी वाचून पुढे सरकतो, नाही तर ‘लाल म्हणजे प्रेम, काळा म्हणजे दुःख’ असे ठोकताळे लावतो. दोन्हींत चित्र पाहायचं राहूनच जातं.

या लेखात आपण एकाच चित्रापाशी थांबू आणि त्याचा भाव व त्यातली प्रतीकं क्रमाने उलगडू. प्रतीक म्हणजे चित्रातली अशी वस्तू, जी स्वतःपलीकडचं काही सुचवते. चित्र आहे जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचं ‘मारियाना’. १८५१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते लागलं, तेव्हा मिले अवघा २१ वर्षांचा होता. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. विषय आहे नाकारल्या गेलेल्या आणि तरीही प्रेम न सुटलेल्या एका स्त्रीचा.

आधी थोडी तयारी

टेटच्या संकेतस्थळावर हे चित्र पाहायला मिळतं. शक्यतो मोबाइलऐवजी संगणकाच्या पडद्यावर उघडा. मूळ चित्र मोठं नाही. महोगनी लाकडाच्या फळीवर तैलरंगात केलेलं, सुमारे ६० सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद. पण त्यात बारकावे इतके आहेत की लहान पडद्यावर निम्मे दिसतच नाहीत. कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि दहा मिनिटं मोकळी ठेवा.

पायरी पहिली : नाव बाजूला ठेवून पाहणं

पहिली दोन मिनिटं चित्राचं नाव, गोष्ट, चित्रकार, सगळं बाजूला ठेवा. समोर काय दिसतं तेवढंच स्वतःला सांगा. निळ्या मखमली झग्यातली एक तरुण स्त्री उभी आहे. समोर टेबल, त्यावर भरतकाम. पलीकडे रंगीत काचांच्या खिडक्या. मागे स्टूल. खोलीचा उजवीकडचा भाग अंधारा.

इथे होणारी चूक म्हणजे घाई. ‘विरहिणी आहे’ असं एकदा ठरवलं की डोळे विरहाचेच पुरावे गोळा करू लागतात आणि त्यात न बसणाऱ्या गोष्टी दिसेनाशा होतात.

पायरी दुसरी : चेहऱ्याआधी देह

भाव शोधताना आपण सवयीने चेहऱ्याकडे धावतो. या चित्रात चेहरा फारसं सांगत नाही. डोळ्यांत पाणी नाही, हात कपाळाला लावलेला नाही, सुस्कारा दिसत नाही. तेव्हा देहाकडे वळा.

तिने दोन्ही हात कमरेच्या मागे, पाठीच्या खालच्या भागावर टेकवले आहेत. पाठ मागे ताणली आहे, पोट किंचित पुढे आलंय, मान कलली आहे. बराच वेळ वाकून बसलेलं माणूस उठल्यावर असंच आळोखेपिळोखे देतं.

आता स्वतः तसं उभं राहून पाहा. संकोच करू नका. चित्रातल्या देहाचा भाव कळण्याचा याहून सरळ मार्ग नाही. हात पाठीवर ठेवून मागे झुकलं की लगेच कळतं, हा हुंदक्याचा क्षण नाही. अंग आखडलेल्या माणसाचा क्षण आहे हा. तिचं दुःख ताजं नाही, जुनं आहे. ते तिच्या मणक्यात उतरलं आहे.

याच ताणाने तिच्या देहाचं तारुण्यही ठळक झालं आहे. छाती, कंबर, नितंब यांची रेषा मखमलीतून स्पष्ट दिसते. म्हणजे एकाच हालचालीत दोन गोष्टी आहेत : थकवा आणि अजून न विझलेली ओढ. कागदावर दोन्ही शब्द लिहून ठेवा. भावाला एकच नाव देणं ही या पायरीवरची नेहमीची चूक. ‘दुःखी’ हा शब्द खोटा नसतो, पण तो शेकडो चित्रांना लागू पडतो आणि म्हणून या चित्राबद्दल काहीच सांगत नाही.

पायरी तिसरी : उजेड, रंग आणि जागा

आता माणूस सोडून भोवताल पाहा. उजेड खिडक्यांकडून येतो. स्त्री त्या उजेडाकडे तोंड करून उभी आहे आणि तिच्या पाठीशी खोली काळोखत गेली आहे. बाहेर झाडं आहेत, बाग आहे. पण मध्ये टेबल आहे, भिंत आहे, काच आहे. बाहेरचं दिसतं, पण मिळत नाही.

जागाही अरुंद आहे. पुढे टेबल, मागे स्टूल, त्यामध्ये ती. पाय मोकळे करायलाही जेमतेम जागा. माणूस जागेत मोकळं आहे की अडकलंय, हा प्रश्न कोणत्याही चित्राला विचारावा. त्याचं उत्तर भावाबद्दल पुष्कळ सांगतं.

रंगांत सर्वांत आधी डोळ्यात भरतो तो गडद निळा. त्याच्याजवळ स्टुलाची नारिंगी-तांबूस बैठक आहे. निळा आणि नारिंगी हे विरोधी रंग. शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. शिवाय मिले आणि त्याचे सोबती पांढऱ्या पायावर रंगांचे पातळ, पारदर्शक थर देत, त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखे दिसतात. १८४८ साली स्थापन झालेल्या त्यांच्या गटाला प्री-राफेलाइट म्हणतात, म्हणजे राफाएलच्या आधीच्या चित्रकारांचा स्वच्छ रंग आणि बारीक निरीक्षण पुन्हा आणू पाहणारे.

इथली चूक तीच, रंगांचा शब्दकोश. इंग्रजीत निळा रंग खिन्नतेशी जोडतात म्हणून हा झगाही खिन्नतेचा, असं म्हणून मोकळं होऊ नका. या निळ्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पायरी चौथी : वस्तूंची यादी, अर्थाविना

आता चित्राच्या एका कोपऱ्यातून निघा आणि दिसेल ती वस्तू लिहीत जा. अर्थ लिहू नका, फक्त नावं.

भरतकामाचं कापड, त्यात खुपसलेली सुई. कापडावर आणि जमिनीवर पडलेली वाळकी पानं. रंगीत काचेत देवदूत आणि एक स्त्री. दुसरीकडे काचेत एक कुलचिन्ह, त्यात पांढरं फूल आणि लॅटिन अक्षरं. स्त्रीच्या कमरेला जडावाचा पट्टा. मागच्या अंधारात छोटी वेदी आणि दिवा. आणि उजवीकडे खाली, फरशीवर, एक उंदीर.

उंदीर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. यादी करण्याचा फायदा हाच. ती नजरेला मोठ्या आकारांवरून छोट्या आकारांपर्यंत खेचून नेते.

पायरी पाचवी : आता गोष्ट

इतकं झाल्यावर पाटी वाचा. मारियाना ही शेक्सपियरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकातली व्यक्तिरेखा. तिचं अँजेलोशी लग्न ठरलेलं असतं. तिचा भाऊ जहाज बुडून मरतो आणि त्याच जहाजावर असलेला तिचा हुंडाही समुद्रात जातो. हुंडा गेला म्हटल्यावर अँजेलो लग्न मोडतो, वर तिच्या चारित्र्याबद्दल वावड्या उठवतो. ती मात्र त्याच्यावर प्रेम करतच राहते आणि खंदकाने वेढलेल्या एका एकाकी घरात दिवस काढते. हुंड्यावरून मोडलेलं लग्न म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही.

पुढे १८३० साली इंग्रज कवी टेनिसनने याच मारियानावर कविता लिहिली. तिच्यात तो काही येत नाही, ती थकली आहे आणि मरण मागते आहे, असं पालुपद आहे. मिलेचं चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा यादीत त्यासोबत टेनिसनच्या ओळी छापल्या होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. नाटकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या ड्यूकच्या हुकमाने अँजेलोला मारियानाशी लग्न करावं लागतं. टेनिसनच्या कवितेत असा शेवट नाही. मिलेने सोबत घेतली ती कविता, म्हणून नाटकातला शेवट ओढून आणून ‘तिला पुढे न्याय मिळणार आहे’ असं चित्रात वाचू नये. कथा माहीत असणं उपयोगाचं असतं, पण चित्रकाराने तिचा कोणता तुकडा उचलला हे आधी पाहावं.

पायरी सहावी : एकेका वस्तूला प्रश्न

आता यादी काढा आणि एकेक वस्तू पुन्हा पाहा. प्रश्न एकच : ही इथे का?

काचेतला देवदूत गॅब्रिएल आहे आणि स्त्री मेरी. तिच्या पोटी येशू जन्म घेणार, ही वार्ता देवदूत तिला सांगतो आहे. हा प्रसंग मिलेने ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपलमधल्या खिडकीवरून घेतला. म्हणजे मारियाना ज्या खिडकीपुढे रोज बसते, तिच्यात एका स्त्रीकडे निरोप येतो आहे. मारियानाकडे येत नाही. काचेतल्या स्त्रीला मातृत्व मिळणार आहे, हिच्या वाट्याला रिकामा दिवस आहे. चित्रातलं सर्वांत बोलकं प्रतीक हेच, कारण ते ओळखायला हाती फक्त एक प्रसंग लागतो; बाकीचं काम शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन स्त्रिया करतात.

कुलचिन्हाची खिडकी बहुधा मिलेच्या कल्पनेतली. तिच्यातल्या लॅटिन अक्षरांचा अर्थ ‘स्वर्गात विश्रांती आहे’. टेनिसनच्या मारियानाची मरणाची इच्छा इथे काचेत कोरल्यासारखी आली आहे. पांढरं फूल स्नोड्रॉपचं. युरोपातल्या फुलांच्या संकेतभाषेत ते सांत्वनाचं फूल. त्याचा संबंध सेंट अॅग्नेसच्या पूर्वसंध्येशी, म्हणजे २० जानेवारीशीही जोडतात. त्या रात्री मुलींना स्वप्नात होणारा नवरा दिसतो, अशी तिकडची समजूत.

आता पानं पाहा. ती बागेतली, शिशिरातली. बाहेर पडायला हवीत ती आत आली आहेत, आणि तिच्या भरतकामावर पडली आहेत. पान रोज पडतं; इतकी साचली म्हणजे कोणी झाडून काढलेली नाहीत. काळ किती गेला हे चित्र घड्याळ न दाखवता सांगतं. काचेतलं फूल मात्र कायम फुललेलं. खरी पानं गळत आहेत आणि चितारलेलं फूल कोमेजत नाही. वचन आणि वास्तव यांतलं हे अंतर चित्रात एका नजरेत मावतं.

आता सुईकडे या. ती कापडात नीट टोचून ठेवलेली नाही, खुपसलेली आहे. दिवसभर जपून घातलेल्या टाक्यांनंतर हाताने केलेली ही एकच रागाची खूण. देह थकला आहे असं आपण म्हटलं होतं. सुई सांगते की आत चीडही आहे.

उंदीर टेनिसनच्या कवितेतून आलेला. ओसाड घरात माणसाची चाहूल नसली की उंदीर निर्धास्त होतात. मिलेच्या मुलाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या उंदराची हकीकत दिली आहे : खोलीतून धावणारा एक उंदीर चित्रांच्या बासनामागे लपला, मिलेने बासनाला लाथ मारली आणि उंदीर चितारायला सोयीच्या अवस्थेत मरून पडला. हकीकत रंजक आहे, पण तिने उंदराचा अर्थ बदलत नाही. वस्तू चित्रकाराला कशी मिळाली आणि चित्रात ती काय करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पायरी सातवी : अर्थाला साक्षीदार हवेत

या पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबू. प्रतीकाचा अर्थ सुचला की लगेच पक्का धरू नका. त्याच चित्रात त्याला दुजोरा देणाऱ्या निदान दोन गोष्टी सापडतात का, ते पाहा.

पानं म्हणजे सरलेला काळ. साक्षीदार? अर्धवट भरतकाम, आखडलेली पाठ. अर्थ टिकला.

आता तो निळा झगा. युरोपच्या धर्मचित्रांत निळं वस्त्र हा मेरीचा ठरलेला पेहराव. मेरी समोरच्या खिडकीत आहेच, मागे वेदीही आहे. तेव्हा मिलेने मारियानाला मेरीच्या रंगात उभं करून दोघींमधला फरक वाढवला, असं म्हणायला आधार आहे. ‘निळा म्हणजे उदासी’ या अर्थाला मात्र चित्रात वेगळा आधार दिसत नाही. तो आपण बाहेरून आणलेला.

दुसरी चूक चित्रकाराच्या आयुष्याची. मिलेने १८५५ साली एफी ग्रेशी लग्न केलं. त्याआधी ती समीक्षक जॉन रस्किनची पत्नी होती आणि ते लग्न १८५४ साली रद्दबातल झालं होतं. ही हकीकत वाचली की ‘मारियाना’त मिलेचं स्वतःचं झुरणं पाहण्याचा मोह होतो. पण तो आणि एफी जवळ आले १८५३ मध्ये, आणि चित्र १८५१ चं. तारखा जुळवून पाहिल्या की असे अर्थ आपोआप गळतात.

तिसरी चूक स्वतःच्या मतांची. याच रस्किनने मे १८५१ मध्ये ‘द टाइम्स’ला पत्रं लिहून या तरुण चित्रकारांची जोरदार पाठराखण केली. त्याच वेळी, निळ्या झग्यातली बाई त्या रंगीत खिडकीला आणि मूर्तिपूजक थाटाच्या टेबलाला कंटाळलेली दिसते याचं आपल्याला समाधान वाटतं, अशा आशयाचा शेराही मारला. रस्किन कडव्या प्रॉटेस्टंट वातावरणात वाढलेला; वेदी दिसताच त्याला कॅथलिक पंथ दिसला. इतका मोठा पाहणारा तिच्या थकव्याचं कारण स्वतःच्या धर्ममतात शोधतो, तर आपणही आपल्या आवडीनिवडी तपासून घेतलेल्या बऱ्या.

पायरी आठवी : प्रियकर कुठे आहे?

प्रेमाच्या प्रत्येक चित्राला हा प्रश्न विचारा. मारियानाच्या चित्रात अँजेलो नाही. त्याचं पत्र नाही, तसबीर नाही, अंगठी नाही. तिची नजरही रस्त्याकडे लागलेली नाही. वाट पाहणं संपलेलं नाही, पण वाटेकडे पाहणं संपलं आहे.

आपल्याकडच्या परंपरेशी ताडून पाहिलं की हा फरक आणखी स्पष्ट होतो. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेल्या आठ नायिकांत विरहोत्कंठिता आहे, वाट पाहून व्याकूळ झालेली. विप्रलब्धा आहे, संकेतस्थळी येऊनही प्रियकर न भेटलेली. पहाडी लघुचित्रांत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या दरबारांत रंगवलेल्या छोट्या चित्रांत, ही विप्रलब्धा अंगावरचे दागिने काढून फेकताना दिसते. मारियानाच्या कमरेला जडावाचा पट्टा अजून तसाच आहे. तिने आशा फेकून दिलेली नाही, हे त्या पट्ट्यावरून म्हणता येतं.

पण तुलना इथेच थांबवा. आपल्या विरहात दोघांचं प्रेम गृहीत असतं. तो दूर आहे, पण तोही झुरतो आहे. एकाच बाजूने असलेल्या प्रेमाला संस्कृत साहित्यशास्त्राने पूर्ण शृंगार मानलंच नाही. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त त्याची गणना रसाभासात केली आहे, म्हणजे रसासारखं दिसणारं, पण रस नसलेलं. मिलेचं चित्र नेमकं त्याच जागी उभं आहे आणि त्या अवस्थेला पूर्ण गांभीर्य देतं. म्हणून मारियानाला ‘विरहिणी’ म्हणून सोडून देऊ नये. विरहिणीला परतभेटीची शक्यता तरी असते.

पायरी नववी : दोन वाक्यं लिहा

शेवटी आपला अर्थ दोन वाक्यांत लिहा. पहिल्यात भाव, दुसऱ्यात पुरावा. उदाहरणार्थ : ‘मारियानाचं दुःख रडण्याचं नाही, दिवस न सरण्याचं आहे, आणि त्यात ओढ व चीड दोन्ही शिल्लक आहेत. तिची ताणलेली पाठ, साचलेली पानं, खुपसलेली सुई आणि निरोप घेऊन आलेला काचेतला देवदूत हे एकत्र पाहिले की ते कळतं.’

आपली वाक्यं याहून वेगळी येतील, आणि यावीत. शेजाऱ्याचा अर्थ वेगळा निघाला तर वाद घालण्याआधी त्याला विचारा, ‘हे चित्रात कुठे दिसलं?’ त्याने बोट दाखवलं तर तिथे पुन्हा पाहा. दोन अर्थांना चित्रात जागा असू शकते. एकाही अर्थाला जागा नसेल तर आपण चित्राऐवजी स्वतःबद्दल बोलत होतो, हे लक्षात येतं.

आता दुसरं चित्र

सरावासाठी जॉन विल्यम वॉटरहाउसचं १९०३ सालचं ‘एको आणि नार्सिसस’ घ्या. ते लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनात आहे. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली ही कथा. स्वतःचं बोलणं हरवून बसलेली आणि फक्त इतरांचे शेवटचे शब्द पुन्हा उच्चारू शकणारी एको नार्सिससवर प्रेम करते. तो पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबात गुंतला आहे.

पायऱ्या त्याच ठेवा, फक्त आठवी आधी घ्या, कारण इथे प्रियकर चित्रातच आहे, हाकेच्या अंतरावर. दोघांमध्ये पाणी किती जागा घेतं ते पाहा. कोण कोणाकडे पाहतं, याच्या रेषा कागदावर ओढा. एकोचा हात कशाला धरून आहे ते शोधा. नार्सिससजवळ उगवलेली पांढरी फुलं कोणती, हे त्याच्या नावावरून ओळखा आणि ती कथेतल्या पुढच्या कोणत्या घटनेची सूचना देतात ते पाहा. तिथून पुढचं वाचन आपण स्वतः करू शकाल.